चाल कोणाची, पारितोषिक कोणाला?

न्यूयॉर्कच्या विंटर गार्डन थिएटरमध्ये २६ सप्टेंबर २०२१ रोजी टोनी पुरस्कारांचा सोहळा झाला. कोरोनामुळे तो वर्षाहून अधिक रखडला होता आणि ब्रॉडवेची नाट्यगृहे नुकती कुठे उघडू लागली होती. रंगभूमीसाठी नव्याने रचलेल्या संगीताला टोनीत एक पारितोषिक असते. त्या वर्षी त्यासाठी पाच नामांकने होती आणि त्यांत एकही म्युझिकल नव्हते. पाचही गद्य नाटके. ज्या रस्त्याचे नाव जगभर गाण्याबजावण्यामुळे झाले, तिथल्या संगीताच्या पारितोषिकासाठी गाणारे एकही नाटक निवडले गेले नव्हते.

असे का झाले ते समजायला सोपे आहे. त्या मोसमात गाजलेली तिन्ही म्युझिकल्स जुन्या लोकप्रिय गाण्यांवर उभी होती. 'मुलाँ रूज'मध्ये वेगवेगळ्या काळातली पॉप गाणी, 'टीना'मध्ये टीना टर्नरची, 'जॅग्ड लिटल पिल'मध्ये ॲलानिस मॉरिसेटची. टोनीचा नियम सांगतो की संगीत रंगभूमीसाठी लिहिलेले हवे, म्हणून ती तिन्ही या विभागात बसली नाहीत. नव्या गाण्यांचे 'द लाइटनिंग थीफ' नावाचे म्युझिकल स्पर्धेत होते, पण त्याला एकाही विभागात नामांकन मिळाले नाही. पारितोषिक गेले डिकन्सच्या कथेवरच्या 'अ ख्रिसमस कॅरल' या नाटकाला, म्हणजे त्याचे संगीतकार ख्रिस्तोफर नाइटिंगेल यांना. या नाटकातही नाताळची जुनी, सर्वांना पाठ असलेली गीते होतीच. नट हातात लहान-मोठ्या घंटा घेऊन ती रंगमंचावर वाजवत. 'मुलाँ रूज'ने त्याच रात्री सर्वोत्तम म्युझिकलसह दहा पारितोषिके नेली.

रंगभूमीवरच्या संगीताला पारितोषिक देताना जे जे प्रश्न उभे राहतात, ते त्या एका रात्रीत एकत्र दिसले. नवे म्हणजे किती नवे? गाण्यांचे नाटक आणि गद्य नाटकामागचे संगीत एकाच तराजूत तोलायचे का? जुन्या सुरांची नवी मांडणी करणाऱ्याला काय म्हणायचे? आणि हे सगळे ऐकून ठरवणार कोण? हे प्रश्न अमेरिकेपुरते नाहीत. मराठी रंगभूमीला ते अधिक जवळचे आहेत, कारण गाणे हीच ज्या रंगभूमीची पहिली ओळख होती तिने नाटकाच्या संगीतकाराला स्वतंत्र माणूस म्हणून ओळखायला बराच वेळ घेतला.

आधी टोनीची कहाणी पुरी केली पाहिजे. १९४७ साली हे पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिल्याच वर्षी संगीताचे पारितोषिक कुर्ट वाइल यांना 'स्ट्रीट सीन'साठी मिळाले. हे तेच वाइल, ज्यांनी ब्रेख्तच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'ला संगीत दिले होते. पु. ल. देशपांडे यांचा 'तीन पैशाचा तमाशा' त्याच ऑपेरावरून आला. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेल्या या संगीतकाराने न्यूयॉर्कच्या एका गल्लीतल्या भाडेकऱ्यांच्या आयुष्याला सूर दिले, आणि नव्या पुरस्काराने पहिली दाद त्याला दिली. सुरुवात याहून चांगली होऊ शकली नसती. पुढे १९७१ साली संगीत आणि गीते यांना वेगवेगळी पारितोषिके देण्यात आली, आणि स्टीफन सोंडहाइम यांनी 'कंपनी'साठी ती दोन्ही मिळवली. पुढची दोन वर्षेही संगीताचे पारितोषिक त्यांच्याकडेच राहिले, 'फॉलीज' आणि 'अ लिटल नाइट म्युझिक'साठी. नाटकाच्या संगीताला अशी तीन वर्षे लाभणे दुर्मीळच.

मग दुष्काळ आला. १९८९ साली पात्र ठरावे असे पुरेसे काम नाही म्हणून हा विभागच त्या वर्षापुरता वगळला गेला. त्या वर्षीचे सर्वोत्तम म्युझिकल होते 'जेरोम रॉबिन्स ब्रॉडवे', म्हणजे एका थोर नृत्यदिग्दर्शकाच्या जुन्या नाटकांतल्या नृत्यांचे संकलन. १९९५ साली 'सनसेट बुलेव्हार्ड' हे एकटेच नामांकन होते. समोर कोणी नव्हते आणि ते जिंकले. एकट्याने धावलेल्या शर्यतीचे पदक म्हणून त्याला हिणवले गेले असेल. तरी वर्ष कोरडे गेले तर ते कोरडे दिसू द्यावे, जुन्या गाण्यांना आत घेऊन रकाना भरू नये, हा हट्ट टोनीने सोडला नाही आणि तो योग्यच होता.

लंडनच्या ऑलिव्हिए पुरस्कारांनी दुसरी वाट धरली. तिथे काही वर्षे नवे संगीत आणि नवे वाद्यसंयोजन यांना मिळून एकच पारितोषिक होते. २०२२ साली ते सायमन हेल यांना बॉब मार्लीच्या गाण्यांवरच्या म्युझिकलच्या वाद्यसंयोजनासाठी मिळाले. हेल यांच्या कामाबद्दल शंका नाही. ओळखीच्या गाण्याला रंगमंचावर पुन्हा जिवंत करणे ही मोठी कारागिरी आहे. पण कोऱ्या कागदावर नाटकाचे सूर मांडणारा आणि जगाला तोंडपाठ असलेल्या सुरांना नवे कपडे चढवणारा, या दोघांना एकाच रांगेत उभे करून कोण श्रेष्ठ हे विचारण्यात अर्थ नाही. टोनीने १९९७ पासून वाद्यसंयोजनाला वेगळे पारितोषिक दिले, ही व्यवस्था कितीतरी सरळ आहे.

टोनीची चूक वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती दरवर्षी कोणाला ना कोणाला भोवते. गद्य नाटकाचे संगीत आणि म्युझिकलची गाणी तिथे एकाच विभागात झुंजतात. २०१० साली ऑगस्ट विल्सन यांच्या 'फेन्सेस'चे पुनरुज्जीवन झाले. डेन्झेल वॉशिंग्टन आणि व्हायोला डेव्हिस त्यात होते. संगीत होते ब्रॅनफर्ड मार्सालिस या जाझ सॅक्सोफोनवादकाचे. एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या परसात घडणारे ते नाटक, संवादांनी भरलेले. तिथे संगीताला जागा मिळते ती प्रवेशांच्या मधल्या अंधारात आणि दोन वाक्यांच्या फटीत. मार्सालिस यांना टोनीचे नामांकन मिळाले, आणि पारितोषिक 'मेम्फिस' या म्युझिकलला गेले. दोन वर्षांनी तेच झाले. 'वन मॅन, टू गव्हनर्स' या विनोदी नाटकात एक गाणारे टोळके प्रवेश बदलत असताना पडद्यासमोर येऊन वाजवायचे. ग्रँट ओल्डिंग यांनी त्यांच्यासाठी गाणी रचली होती. पारितोषिक 'न्यूजीज'ला गेले, ज्याची काही गाणी तर १९९२ च्या त्याच नावाच्या चित्रपटातली होती.

मार्सालिस आणि ओल्डिंग रिकाम्या हाताने मात्र परतले नाहीत. न्यूयॉर्कमध्येच ड्रामा डेस्क नावाचे दुसरे पुरस्कार दिले जातात. त्यांनी तेव्हा गद्य नाटकातल्या संगीतासाठी वेगळा विभाग ठेवला होता, आणि २०१० साली मार्सालिस, २०१२ साली ओल्डिंग त्या विभागात विजयी ठरले. तेच शहर, तेच नाटक, तेच संगीत. एका यादीत ते झाकले गेले, दुसऱ्या यादीत त्याची किंमत कळली. फरक होता तो रकाना आखण्यात.

२०२४ साली 'स्टीरिओफोनिक' आले. सत्तरच्या दशकातला एक रॉक बँड स्टुडिओत अल्बम ध्वनिमुद्रित करतो आहे, एवढाच त्याचा विषय. नाटक गद्यच, पण त्यातली गाणी विल बटलर यांनी नव्याने लिहिली आणि नटांनी ती रंगमंचावर स्वतः वाजवली. गाणे मध्येच तुटते, पुन्हा सुरू होते, कोणाचा तरी सूर चुकतो, भांडण होते. गाणे तयार होणे हेच तिथले कथानक आहे. तेरा नामांकने मिळवून या नाटकाने गद्य नाटकांचा विक्रम केला आणि ते सर्वोत्तम नाटक ठरले. संगीताचे पारितोषिक शाइना टाउब यांच्या 'सफ्स' या म्युझिकलला गेले. टाउब यांचे काम मोलाचे आहे, यात वाद नाही. पण अडीच तास गाण्यांतून कथा सांगणे आणि अर्धेमुर्धे गाणे नेमक्या जागी तोडणे या दोन निराळ्या कला आहेत.

आता परीक्षकांकडे वळू. टोनीला आठशेच्या वर मतदार आहेत. त्यांत निर्माते आहेत, नट आहेत, नेपथ्यकार आहेत. संगीत कानाने तपासणारे त्यांत किती असतील? २००८ साली टोनीने ध्वनिसंकल्पनाचे पारितोषिक सुरू केले आणि २०१४ साली ते काढून टाकले. अनेक मतदारांना या कामाचे मोजमाप कसे करावे हेच कळत नाही, असे कारण तेव्हा चर्चेत आले. ध्वनीचे काम करणाऱ्यांनी मोठा निषेध केला आणि २०१७-१८ च्या मोसमापासून ते पारितोषिक परत आले. ज्याला ऐकता येत नाही त्याच्या मतावर ऐकण्याचे पारितोषिक अवलंबून ठेवले की असेच होणार. चूक मतदारांच्या अज्ञानाची होती आणि शिक्षा कलावंतांना झाली.

जिवंत वादनाचा प्रश्नही याला लागूनच आहे. २००० साली 'कॉन्टॅक्ट'ला सर्वोत्तम म्युझिकलचे टोनी मिळाले. त्यात एकही नट गात नव्हता, रंगमंचापुढच्या खड्ड्यात एकही वादक नव्हता. सगळी गाणी आधीच बाजारात असलेली, ध्वनिमुद्रित. वादकांच्या संघटनेने आवाज उठवला, बराच गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी अशा प्रयोगांसाठी वेगळा विभाग करावा लागला. २००३ च्या मार्चमध्ये ब्रॉडवेचे वादक चार दिवस संपावर गेले. मोठ्या नाट्यगृहांत किमान किती वादक असावेत, हा वाद होता. २०२३ साली 'हिअर लाइज लव्ह' ध्वनिमुद्रित संगीतावर आणायचा बेत होता, तो संघटनेने अडवला आणि बारा वादक घेण्यावर तडजोड झाली. तिथल्या वादकाला आपली जागा लढून राखावी लागते. आपल्याकडे तो न लढताच विंगेतून बाहेर गेला.

मराठी रंगभूमीवर तो कुठे बसायचा, हे आठवून पाहावे. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष होते. देशातल्या पहिल्या ओळीतल्या वादकांना नाटक कंपनी पगारावर ठेवत होती. प्रेक्षकाला ते दिसत, आणि नट त्यांच्याकडे बघून समेवर येई. आज व्यावसायिक नाटकाचे बहुतेक संगीत ध्वनिमुद्रित असते. दौऱ्याच्या बसमध्ये वादकांना जागा नाही, त्यांच्या नाईटचे पैसे प्रयोगाच्या हिशेबात बसत नाहीत. निर्मात्याची अडचण खोटी नाही. पण नटाने एक क्षण जास्त थांबायचे ठरवले तर ट्रॅक त्याच्यासाठी थांबत नाही. गोव्याच्या तियात्र या कोकणी नाट्यप्रकारात अजून बँड प्रत्यक्ष वाजतो आणि कांतारे, म्हणजे गाणी, नव्याने रचली जातात. तिथे प्रेक्षक 'पुन्हा' म्हणून ओरडला की वादकांना पुन्हा वाजवता येते. म्हणजे तिकिटाच्या पैशांत हे आजही जमते, आणि तेही आपल्या शेजारी.

चालींच्या नवेपणाचा प्रश्न मराठीत सर्वांत गुंतागुंतीचा आहे, आणि तो बारकाईने पाहायला हवा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगमंचावर आले, दोन वर्षांनी 'सौभद्र'. त्यांतल्या चाली किर्लोस्करांनी बव्हंशी घेतलेल्या होत्या. कीर्तनातल्या साक्या, दिंड्या, कानडी पदे, लावण्या, जे लोकांच्या कानात होते ते सगळे त्यांनी उचलले. छापील पुस्तकात प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून ती कोणत्या गाण्यावरून घेतली तेही छापले. आजच्या टोनीच्या नियमाने 'सौभद्र' दाराबाहेर राहील, आणि मराठी माणसाला हा निकाल मान्य होणे अशक्य आहे.

पुढे १९११ साली 'मानापमान' आले. खाडिलकरांनी पदे लिहिली आणि चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनी. नाटकाला चाली देणारा वेगळा माणूस असू शकतो, ही गोष्ट तेव्हा ठसली. टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्याचा बाज मराठी पदात आणला. १९१६ च्या 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखले यांनी रागदारीतल्या बंदिशींचा आधार घेतला. राग कोणाच्या मालकीचा नसतो, बंदिश मात्र कोणाची तरी असते. मग बुवांचे काम नवे की जुने? त्याचे उत्तर नाटकातच शोधावे लागते. रुक्मिणीच्या तोंडी, त्या प्रसंगात, बालगंधर्वांच्या गळ्यासाठी ती चाल ज्या रीतीने घडवली, ते घडवणे बुवांचे होते. मूळ बंदिश ज्याने ऐकली असेल त्यालाही ते ऐकताना फरक कळतो.

म्हणून नवेपणाची कसोटी ही असावी: संगीत या नाटकाच्या या क्षणासाठी घडवले आहे का, आणि जे उसने घेतले ते उघडपणे सांगितले आहे का? किर्लोस्करांच्या काळातली पदावरची ती 'चाल' ही ओळ म्हणजे प्रामाणिक कबुलीच होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नाटक कंपन्या पाळत होत्या तेवढा सरळपणा आजच्या प्रवेशिकेत असायला काहीच हरकत नाही. संगीतकाराने एका पानावर लिहून द्यावे: हे नवे, हे या रागाच्या आधाराने, ही पारंपरिक गवळण, हा तुकडा ध्वनिसंग्रहातून घेतलेला. परीक्षकांनी ते पान हातात घेऊन प्रयोग ऐकावा. आज इंटरनेटवर विकत मिळणारे तयार संगीताचे तुकडे जोडूनही नाटकाचे पार्श्वसंगीत उभे राहू शकते आणि त्याला संगीत दिग्दर्शन म्हटले जाऊ शकते. तेव्हा या पानाची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे.

केशवराव भोळे यांचे उदाहरण इथे फार उपयोगी आहे. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केले. पदांची संख्या अगदी थोडी, आणि ती बैठकीत गायल्यासारखी न गाता बोलण्याच्या ओघात आलेली. नाटक थांबवून गाणे, मग वन्समोअर, मग पुन्हा नाटक, ही सवय तिथे मोडली. भोळे यांनी गाणे प्रसंगाच्या मापाचे केले आणि पुढे प्रभातच्या चित्रपटांतही तीच समज नेली. अशा कामाला पदांच्या संख्येने किंवा ताना किती रंगल्या यावरून तोलले तर गुण कमीच पडणार, कारण त्याचे मोठेपण त्याने काय गाळले यात आहे.

आणि 'कट्यार काळजात घुसली'? १९६७ साली जितेंद्र अभिषेकी यांनी दोन घराण्यांचा झगडा सुरांतच मांडला. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब यांची भांडणे संवादांत आहेतच, पण कोणाचे गाणे कशाने वेगळे हे प्रेक्षकाला कळते ते चालींमधून. दारव्हेकरांचे नाटक त्या चालींशिवाय नुसते वाचून पाहिले तर अर्धे नाटक हाती येत नाही. २०१० साली 'कट्यार' पुन्हा रंगमंचावर आले तेव्हा अभिषेकीबुवांना जाऊन बारा वर्षे झाली होती. अशा पुनरुज्जीवनाला संगीताचे पारितोषिक द्यायचे झाले तर ते कोणाचे? गाणाऱ्यांचे, साथ करणाऱ्यांचे, ते सगळे पुन्हा बसवणाऱ्याचे जरूर असावे. नव्या संगीताचे नक्कीच नसावे. संगीत नाटकांच्या स्पर्धांत आजही जुनी नाटके मोठ्या हौसेने होतात आणि ती व्हायलाच हवीत. पण त्याच स्पर्धेत एखादा तरुण संगीतकार नव्या संहितेला नव्या चाली लावून उतरला, तर त्याने 'मत्स्यगंधा'च्या चालींशी झुंज द्यायची का? साठ वर्षे लोकांच्या ओठांवर असलेल्या सुरांसमोर महिनाभरापूर्वी जन्मलेली चाल हरणारच. तिला हरवून आपण नव्या संगीतकाराला सांगतो की जुनेच वाजव.

'घाशीराम कोतवाल'ने तर रकान्यांचीच पंचाईत केली. १९७२ साली भास्कर चंदावरकर यांनी कीर्तन, अभंग, लावणी यांच्या वळणांतून ते नाटक सुरांवर उभे केले. ब्राह्मणांची ती माणसांची भिंत गाते, डुलते, झाकते आणि उघडते. तिचा ठेका बंद केला तर दिग्दर्शन कोसळते. पण ते रूढ अर्थाने संगीत नाटक नाही आणि त्यातले संगीत पार्श्वसंगीतही नाही, कारण ते पाठीमागे कधी जातच नाही. दोन वर्षांनी आलेल्या 'महानिर्वाण'चेही तेच. सतीश आळेकरांनी मेलेल्या माणसालाच कीर्तनकार केले आणि आनंद मोडक यांनी त्या कीर्तनाला संगीत दिले. मराठी नाटकाच्या संगीतात गेल्या पन्नास वर्षांतले सर्वांत मोलाचे काम अशाच नाटकांत झाले आहे, जे कोणत्याही रकान्यात नीट मावत नाही. २०१७ साली आलेल्या 'संगीत देवबाभळी'त आनंद ओक यांनी दोन बायकांच्या संवादात गाणे असे विणले की कुठे बोलणे संपले आणि कुठे गाणे सुरू झाले ते सांगता येऊ नये. नव्या चालींवर तरुण प्रेक्षक नाट्यगृहे भरतो, हे या नाटकाने दाखवून दिले.

अशा कामाची दखल आपण कशी घेतो? नाट्यसमीक्षेत संगीताच्या वाट्याला बहुतेकदा शेवटच्या परिच्छेदातले एक वाक्य येते: पार्श्वसंगीत प्रसंगाला पूरक. जाहिरातीत लेखक, दिग्दर्शक, नट ठळक, संगीतकार बारीक अक्षरांत. आणि पारितोषिकांच्या यादीत 'संगीत' असा एक मोघम रकाना, ज्यात पदांच्या चाली, वातावरणाचे सूर, संकलित तुकडे आणि जुन्या नाटकाची फेरमांडणी सगळे एकत्र येऊन पडते. महाराष्ट्र शासन संगीताचार्य अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या नावाने संगीत रंगभूमीसाठी जीवनगौरव पुरस्कार देते, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण जीवनगौरव आयुष्यभराच्या कामाला असतो. तिशीतल्या संगीतकाराला आत्ताच्या, या वर्षीच्या, या एका नाटकाच्या संगीतासाठी कोणी नीट ऐकून दाद द्यायला हवी, म्हणजे तो मालिकांच्या शीर्षकगीतांकडे वळण्याआधी नाटकात आणखी एक वर्ष राहील. नाटकाच्या संगीताचे मानधन एकरकमी आणि तुटपुंजे असते, तेव्हा पारितोषिकाचे वजन इथे अधिकच.

रकाने तीन केले तरी पुरे. नव्या नाटकातल्या नव्या पदांचे आणि गाण्यांचे एक. गद्य नाटकासाठी रचलेल्या संगीताचे दुसरे. जुन्या नाटकांची सांगीतिक फेरमांडणी आणि साथसंगत यांचे तिसरे. 'घाशीराम'सारखे काही आले तर कोणत्या रकान्यात जायचे ते संगीतकाराने स्वतः ठरवावे. एखाद्या वर्षी एखादा रकाना रिकामा राहिला तर तो रिकामा जाहीर करावा, १९८९ साली टोनीने केला तसा. परीक्षकांत किमान एक संगीत जाणणारा माणूस असावा, आणि त्याने ध्वनिचित्रफीत बघून निकाल न देता नाट्यगृहात बसून प्रयोग ऐकावा. वादक प्रत्यक्ष वाजवत असतील तर त्याचे वेगळे गुण असावेत. त्यासाठी लागणारा खर्च मोठा नाही. शासनाचे सांस्कृतिक कार्य संचालनालय, अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद, गोव्याची कला अकादमी आणि दरवर्षी झगमगाटात नाट्यपुरस्कार देणाऱ्या वाहिन्या यांनी ठरवले तर हे येत्या स्पर्धेपासून होऊ शकते.

आणि वाचकांसाठी एक साधी विनंती. पुढच्या वेळी नाटकाला जाल तेव्हा पडदा उघडण्याआधीच्या घोषणेत संगीतकाराचे नाव कान देऊन ऐका, आणि नाटक आवडले तर नटांना भेटायला आत जाताना त्या नावाचीही चौकशी करा.